एका सुपारीचे तुकडे

कट्.

उर्वी नुकतीच झोपली होती. तिला सर्दी म्हणून पंखा बंद, ती झोपलेली म्हणून टीव्ही बंद. लालबागच्या चाळीत दुपारी अशी शांतता मिळाली की मी ती चोरून खाल्ल्यासारखी खाते. मोरीच्या कठड्याला टेकून, गार झालेला चहा हातात धरून, काहीही न करता. त्या शांततेत तो आवाज आला. मग थोडं थांबून पुन्हा. कट्.

अडकित्ता. आवाज ओळखीचा होता, वेळ मात्र चुकीची होती. आमच्या घरात सुपारी कातरतात ते बाबा, माझे सासरे कुशाबा, आणि ते सकाळपासून बाहेर होते. आईंची, सासूबाईंची, सुपारी तर हृदयाचं दुखणं निघालं तेव्हाच डॉक्टरांनी सोडवली होती. म्हटलं, चोरून खातायत. मला हसूच आलं. रंगेहाथ पकडायचं म्हणून पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेले.

आई खाटेवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर स्टीलची ताटली. पात्याखाली सुपारी नव्हती. गोळी होती. त्यांनी ती नीट मध्यावर बसवली, दोन्ही हातांनी दांडे दाबले, कट्, आणि ताटलीत उडालेला चुरा ओल्या बोटानं टिपून जिभेवर ठेवला.

"आई, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. नुसतं डबीचं झाकण लावलं. "काय नाय गो. मोठी आसा ती, गिळाक होत नाय."

"मग दुसरा अर्धा भाग कुठंय?"

मी डबी त्यांच्या हातातून काढून घेतली. असं मी कधी केलं नव्हतं. आत सगळ्या अर्ध्याच गोळ्या होत्या, सांडगे वाळत घालतात तशा रांगेत मांडलेल्या.

कंपनीचं कार्ड काय आहे ते मला लग्न करून आले तेव्हाच कळलं होतं. बाबा शिवडीच्या रंगाच्या कंपनीतून रिटायर झाले. पेन्शन तुटपुंजी, पण सोबत ते कार्ड. कामगार आणि त्याची बायको, दोघांना जन्मभर औषधं आणि हॉस्पिटल कंपनीच्या खर्चानं. आईंचं दुखणं त्या कार्डावरच निभावत होतं. मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी दिवाळीनंतर कंपनीच्या दवाखान्यातून बायकांची औषधं बंद केली, आणि आता नोटीस आली होती की पुढच्या महिन्यापासून कार्डच बंद. ज्याला मान्य असेल त्यानं सोमवारपर्यंत सही करावी, त्याला एकरकमी पैसे मिळतील. पैसे घेतले की कार्डावरचा हक्क कायमचा सुटला. ज्याला मान्य नसेल त्यानं कोर्टात जावं.

"पण बाबा तुमच्या गोळ्यांचे पैसे वेगळे काढून देतात ना दर महिन्याला?"

"देतत."

"मग?"

त्यांची नजर फडताळाकडे गेली. तिथे बाबांच्या कामगार समितीचा डबा असतो. कोर्टात जायचं तर वकील हवा, वकील हवा तर फंड हवा, म्हणून बाबांनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून घेतली होती. रोज सकाळी तो काखेत मारून ते बाहेर पडत.

"डब्यात टाकता? गोळ्यांचे पैसे?"

"प्रत्येक घरातून आला पाहिजे म्हणतत ते. आपला घर घर नाय?"

"आपल्या घराचं बाबांनी दिलंय की!"

"ता त्यांचा. ह्या माझा."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. पावलं पाहिली. चपलेचा पट्टा रुतल्याचा वळ दोन्ही पायांवर तसाच होता, आणि चपला तर कधीच्या दाराबाहेर पडल्या होत्या.

"आई, हा खेळ नाहीये. मी आज सांगणार बाबांना."

"सांग." त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "काय करतील ते? जाऊन सही करतील. माझ्यापायी. मग सगळे म्हणतील, कुशाबान केल्यान, आपण कित्या रवायचा? नि बाकीच्या बायकांचा काय? ह्यांच्या कानार जावक नको, आकांक्षा. तुका माझी शपथ हा."

आतून उर्वीनं कूस बदलली. आईंनी अडकित्ता उशीखाली सरकवला.

बाबा आले ते जिन्यापासूनच बोलत. "तळमाळ्यावरचो गौतम काय म्हणता ठावक आसा? म्हणता, काका, गणपतीची वर्गणी दिली की निदान मूर्ती दिसते, आरती होते, प्रसाद मिळतो. तुमच्या समितीत काय दिसणार?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी पाणी दिलं.

"म्हटलं, माझी बायको दिसतली. चालता फिरता." त्यांनी डबा हलवून कानाशी नेला. "दिल्यान मग. लाजलो."

आई खळखळून हसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत वळले.

बाबांनी आयुष्यभर चाळीच्या गणपतीची वर्गणी गोळा केली. कुठल्या दाराशी विनोद करायचा, कुठे नुसतं उभं राहायचं, कुठे पोराच्या दहावीची चौकशी आधी करायची, हे त्यांना पाठ. तीच रीत त्यांनी समितीला लावली होती. एवढंच नाही, तर नोटीस आली त्या रविवारी सगळ्या जुन्या कामगारांना चाळीच्या आवारातल्या देवळासमोर बोलावून त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्या कोकणात देवाकडे असंच मागतात. एकजण बोलतो, बाकीचे प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि तो होकार आला नाही तर मागणं लागत नाही. बाबांनी मागितलं की आमच्यातला कोणी एकटा फुटून सही करू नये. सगळं आवार 'व्हय म्हाराजा' म्हणालं. मग लग्न ठरवताना फोडतात तशी त्यांनी एकच सुपारी फोडली आणि तिचे बारीक तुकडे करून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवले. शब्द पक्का.

बाबांचे जुने दोस्त फ्रँक अंकल पण त्यात होते. 'व्हय म्हाराजा' म्हणून झाल्यावर त्यांनी क्रूसाची खूणही केली. "डबल लॉक," म्हणाले. दात कवळीचे, सुपारी चावेना, म्हणून तुकडा शर्टाच्या खिशात ठेवून दिला.

डबी सापडली त्याच संध्याकाळी जेवताना विनीतनं, माझ्या नवऱ्यानं, विषय काढलाच.

"बाबा, वकील आला म्हणजे निकाल आला असं नसतं. केस वर्षानुवर्षं चालेल. हातात येतंय ते घ्या आणि मोकळे व्हा."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

"मी सुपारी वाटलंय, विनीत."

"अहो, सुपारीनं काय होतंय! कोर्टात काय सुपारी दाखवणार?"

"कोर्टात नाय. खय दाखवची लागतली ता माका म्हायत आसा." बाबांनी भाताला हात लावला नाही. मग आईंकडे वळून एकदम मऊ आवाजात विचारलं, "गोळ्ये आसत मा तुझे?"

"आसत तर. डबी भरलेली आसा."

खोटं नव्हतं. डबी भरलेलीच होती. मी विनीतकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात भात वाढला. त्याला सांगितलं असतं तर त्यानं त्याच क्षणी बाबांच्या हातात पेन दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पैशांतून एक पाकीट आणून आईंच्या हातात ठेवलं. "ह्या आख्ख्या घ्यायच्या. माझ्यासमोर." त्यांनी गालावरून हात फिरवला, एक घेतली, माझ्यासमोरच. दुपारी उर्वीला झोपवत होते तर बाहेरून आवाज आला. कट्.

उर्वी झोपेत पुटपुटली, "आजी गोळी कापते."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी बघितलं ना. अर्धी आज, अर्धी उद्या."

रविवारी सकाळी, आई आंघोळीला गेल्या असताना मी उशीखालचा अडकित्ता काढून माझ्या पर्समध्ये टाकला. एक दिवस तरी आख्खी गोळी पोटात जाईल, एवढाच विचार होता. पुसलासुद्धा नाही.

त्या दिवशी हाउजी होती, आकड्यांच्या तिकिटांचा खेळ. फंड कमी पडत होता, आणि चाळी पिंजून काढून झाल्या होत्या. तेव्हा फ्रँक अंकल म्हणाले, "कुशा, तुझे लोक देवाला मागतात, माझे लोक हाउजी खेळतात. पैसा हाउजीत आहे." दादरला त्यांच्या चर्चच्या मागचा हॉल त्यांनी फुकट मिळवला होता. गाऱ्हाण्याचंही फादरना विचारून झालं होतं. "मी बोललो, फादर, प्रेयर आहे, मालवणी प्रेयर. फादर बोलले, कर. फक्त नारळ खाली कंपाउंडमध्ये फोड, वरची लादी नवीन आहे."

उद्या सोमवार. सह्यांचा शेवटचा दिवस. बाबांनी ठरवलं होतं, हाउजी संपताना पुन्हा एकदा गाऱ्हाणं, पुन्हा एक सुपारी. रात्रीतून कोणी फुटायला नको.

हॉल पहिल्या मजल्यावर होता. उर्वी उड्या मारत पुढे गेली. आई जिन्याच्या वळणावर थांबल्या आणि तिथला नोटीस बोर्ड वाचायला लागल्या. मीही थांबले. बोर्डावर सगळं इंग्रजीत होतं. आईंना इंग्रजी येत नाही. त्यांचे खांदे वरखाली होत होते आणि ओठ किंचित उघडे होते.

"काय रमा, कोणाचं लगीन आहे?" खालून विनिफ्रेड आंटी आल्या. फ्रँक अंकलच्या पत्नी, परळला हॉस्पिटलात नर्स होत्या. हातात सँडविचचं भांडं होतं. ते त्यांनी माझ्याकडे दिलं, पदर-बिदर काही न बघता आईंची साडी घोट्यावरून वर केली आणि अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. आम्ही तिघी त्या खळग्याकडे बघत उभ्या होतो. तो भरेना.

"गोळ्या घेते ना?"

"घेतंय गो."

"रमा, मी नर्स होते. मला शेंडी लावू नको."

"घेतंय म्हटला मा! चल, वरती आकडे चालू झाले." आई कठडा धरून चढायला लागल्या.

विनिफ्रेड आंटींनी माझा दंड धरला. "तुला माहीत आहे."

मी मान हलवली. "अर्ध्या करतात. बाबांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय."

"मग? शपथेनं पाणी उतरतं?" त्यांचा आवाज अगदी खाली आला. "छातीत पाणी भरायला लागलंय. उद्या-परवा गुदमरेल आणि तू शपथ धरून बसशील. आज बोल कुशाला."

हॉलमध्ये सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. पांढरे केस, काठ्या, पिशव्या, चष्मे. अर्ध्या बायका हाउजी पहिल्यांदाच खेळत होत्या आणि तिकिटावरचा आकडा शेजारणीचं बघून खोडत होत्या. फ्रँक अंकल स्टेजवर माइक धरून रंगात आले होते.

"सात आणि दोन, बहात्तर! कुशाचं वय! अक्कल अजून बाराची!"

"फुडचो आकडो बोल, नायतर दात काढीन तुझे," बाबा पहिल्या रांगेतून ओरडले.

"काढ! खिशातच आहेत!"

हशा पिकला. उर्वी आजोबांच्या मांडीवर बसून कुणीतरी दिलेलं पेपरमिंट चोखत होती. मी आईंच्या मागे बसले होते. त्यांचं पेन्सिल धरलेलं बोट मला दिसत होतं आणि मी त्यांचा श्वास ऐकायचा प्रयत्न करत होते. आकडे पुकारले जात होते, ओळ पुरी झाली की कोणी 'लाइन' म्हणून ओरडत होतं, आणि मला नुसता तो खळगा दिसत होता. सांगितलं तर उद्या बाबा सही करतील आणि आई मला कधी माफ करणार नाहीत. नाही सांगितलं तर. या 'तर'च्या पुढे मी जातच नव्हते.

शेवटचा डाव राहिला. फ्रँक अंकलनी माइक खाली ठेवला. "अब कुशाबा का प्रेयर. मोबाइल बंद करा रे सगळ्यांनी, देव एंगेज लागेल."

बाबा उठले. टेबलावर ताट मांडलं, नारळ, पानं, त्यावर एक सुपारी. शेजारी समितीचा डबा. मग त्यांनी सदऱ्याचा एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आकांक्षा, अडकित्तो रवलो गो घराक. तू हाडलंस?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. कुणीतरी दगडानं फोडली असती सुपारी. आईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सकाळपासून अडकित्ता सापडला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली.

मी पर्स उघडली. टेबलापर्यंत चालत गेले आणि अडकित्ता बाबांच्या हातात दिला.

त्यांनी सुपारी पात्याखाली धरली आणि थांबले. खिळीपाशी, जिथे दोन पाती मिळतात तिथे, पांढरं काहीतरी दाटून बसलं होतं. त्यांनी नखानं खरवडलं.

"चुनो लागलो हा?"

"चुना नाही, बाबा."

"मगे?"

"आईंच्या गोळ्यांचा चुरा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. जणू मी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलले.

"अर्ध्या करतात. नोटीस आल्यापासून. गोळ्यांचे पैसे..." मी डब्याकडे पाहिलं. पुढे बोलावं लागलं नाही.

बाबांनी डब्यावर हात ठेवला. तो डबा ते रोज रात्री कानाशी नेऊन हलवत. हात तसाच राहिला. मागच्या रांगेतून कोणी म्हणालं, "कुशाबा, चालू करा, बस मिळायची नाही." फ्रँक अंकलनी माइक त्यांच्या हातात दिला.

"बा देवा, बारा पांचाच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" हॉल घुमला.

"आज तुझी सगळी लेकरां हय जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्या दिवशी मी तुझ्यासमोर सुपारी फोडलंय. ह्या सगळ्यांका बांधून घातलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"माझा चुकला."

सवयीनं कोणीतरी 'व्हय' म्हणालं आणि जीभ चावली. खुर्च्या करकरल्या.

"घराघरात डबो घेऊन फिरलंय. गणपतीची वर्गणी मागतत तशी मागलंय. कोणाच्या ताटातला येता, कोणाच्या डबीतला येता, ता बघूक नाय. औषधा वाचवची म्हणान डबो फिरवलंय, आणि लोकांची औषधाच त्यात घातलंय." त्यांचा आवाज फाटला. त्यांनी तो सावरला. "तर म्हाराजा, ज्याच्या घरात औषध अर्धा झाला, तेणी उद्या सही करूची. तेका दोष लागाचो नाय. ती सुपारी मी परत घेतंय. सगळ्यांनी व्हय म्हणा."

कोणी काही म्हणालं नाही.

माइक नुसता गुणगुणत होता. मी वळून पाहिलं. बायका मांडीवरच्या तिकिटांकडे बघत होत्या. आणि मग मला ते दिसायला लागलं. कोण कुणाकडे बघत नाहीये, ते. एका आजींनी पर्स छातीशी घट्ट धरली होती. एक आजोबा बायकोकडे बघत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. आमच्याच घरात अडकित्ता होता असं थोडंच आहे.

"व्हय म्हणा," बाबा पुन्हा म्हणाले. आता ते देवाला नाही, माणसांना विनवत होते.

आई उठल्या. खुर्चीची पाठ धरून उठाव्या लागल्या.

"माझा व्हय नाय."

"बस गो. तू बस खाली."

"बसतंय. आधी आयका. तुम्ही उद्या सही केल्यात, तर ती आखी गोळी मी थुकान टाकीन. मग बघा काय करतास ता."

"रमा, अगो पाय बघ तुझे..."

"पाय माझे आसत."

फ्रँक अंकल माइकजवळ आले. खिशात बोटं घालून त्यांनी काहीतरी काढलं. सुपारीचा तुकडा. इतके दिवस खिशात राहून काळा पडलेला. "कुशा, मी हा अजून चावला नाही. दात नाहीत." कोणी हसलं नाही. "पण परत पण नाही देणार मी. तू मागू नको."

बाबा माइक धरून उभेच. सुपारी अजून पात्यात अडकलेली. फोडत नव्हते, काढतही नव्हते.

तेवढ्यात विनिफ्रेड आंटी टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"विनी, त्याका हात लावू नको. तो फंड आसा."

"फंडातलं नाही घेत मी. हिचं हिला देते." त्यांनी नोटा काढल्या, बाबांना दाखवल्यासुद्धा नाहीत. "खाली मेडिकल उघडं आहे. तुम्ही काय ते व्हय-नाय करत बसा."

त्या गेल्या. झाकण उघडंच राहिलं.

मागच्या रांगेतल्या एक बाई अर्धवट उभ्या राहिल्या. "सिस्टर, माझं पण जरा..." बोलता बोलता त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांच्या शेजारणीनं त्यांचा हात हातात घेतला. आता सगळे त्या उघड्या डब्याकडे बघत होते. एकीचं परत गेलं की दुसरीचं मागणं चुकीचं नव्हतं. आणि सगळ्यांचं परत गेलं तर वकील उभा राहणार नव्हता, हेही तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. कोणी पुढे आलं नाही. कोणी उठून घरीही गेलं नाही.

विनिफ्रेड आंटी धापा टाकत परत आल्या. पाकीट फोडून एक गोळी आईंच्या तळहातावर ठेवली. मी पाण्याची बाटली उघडून दिली. आईंनी गोळी तोंडाकडे नेली नाही. त्या बाबांकडे बघत होत्या.

"सही?"

बाबांनी माइक टेबलावर ठेवला. खडखड आवाज झाला. ते आईंजवळ आले, शेजारच्या खुर्चीवर बसले, अडकित्ता मांडीवर, सुपारी त्यातच.

"आधी गोळी घी."

"आधी सांगा."

"माका म्हायत नाय गो," बाबा म्हणाले. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "उद्या सकाळपर्यंत माका विचारू नको. पण आता घी."

आईंनी थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायल्या. गिळाक होत नाय म्हणाल्या होत्या ती गोळी एका घोटात गेली. बाबांनी बाटली त्यांच्या हातातून घेऊन झाकण लावलं, सैल बसलं म्हणून पुन्हा काढून लावलं.

उर्वी केव्हा माझ्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिच्या मुठीत पेपरमिंटचा उरलेला अर्धा तुकडा होता, हाउजीच्या तिकिटात गुंडाळलेला. ती आजीच्या रिकाम्या तळहाताकडे बघत होती.

"आई," तिनं माझी ओढणी ओढली, "आजीनं आख्खी खाल्ली. मग उद्याची कुठली?"